मदत हवी आहे: यीस्टमध्ये केंद्रक दिसलं नाही, तरी ती दृश्यकेंद्रकी पेशी कशी?

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. मुलगी आठवीत, मराठी माध्यम. पेशी आणि पेशीअंगकांचा धडा झाल्यापासून तिने मला एका प्रश्नावर धरून ठेवलंय. माझी बारावी कॉमर्सची, म्हणून इथे विचारतो.

शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्लाइड दाखवल्या. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकलं, तर प्रत्येक पेशीत कडेला सरकलेला तपकिरी ठिपका दिसला. ते केंद्रक. मग यीस्ट पाहिलं. लंबगोल दाणे, काहींना बाजूला कळी फुटलेली, पण केंद्रक कुठेच नाही. चाचणीत तिने यीस्टला आदिकेंद्रकी (जीवाणूसारखी, खरं केंद्रक नसलेली पेशी) लिहिलं आणि कारणही दिलं: एकपेशीय आहे, केंद्रक दिसत नाही. उत्तर चुकलं, पण का चुकलं ते कुणी सांगितलं नाही. फरकाचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. तरी "पप्पा, मी डोळ्यांनी पाहिलं ते खोटं का?" असं विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

दुसरं, तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं असं तिने वाचलंय. मग आपल्या अंगात आदिकेंद्रकी पेशी आहेत का?

आणि एक माझा प्रश्न. आमच्या द्राक्षावर भुरी येते, सटाण्याला मेहुण्यांच्या डाळिंबावर तेल्या. भुरीचं औषध तेल्यावर चालत नाही हे अनुभवाने माहीत आहे. त्याचा या धड्याशी संबंध आहे का?

प्रतिसाद १

दादा, मी नाशिकरोडला बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. लेकीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, तिला आधी हे सांगा. घोळ आपल्या शब्दामुळे झालाय. 'दृश्यकेंद्रकी' म्हटलं की पोरांना वाटतं, दिसलं पाहिजे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'खरं केंद्रक असलेली' असा आहे. इथे 'खरं' याचा अर्थ स्वतःचं पटल, म्हणजे पातळ आवरण, असलेलं. जीवाणूत डीएनए असतोच, पण त्याच्याभोवती पटल नसतं, तो पेशीद्रव्यातच एका भागात गुंडाळलेला असतो. तंतुकणिका, गॉल्गी संकुल, आंतर्द्रव्यजालिका ही पटल असलेली अंगकंही त्यात नसतात. रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, मात्र असतात, आकाराने लहान.

यीस्टमध्ये हे सगळं आहे. फक्त कांद्याची पेशी लांबीला पाव मिलिमीटरच्या आसपास भरते आणि यीस्टची मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. तिचं केंद्रक शाळेच्या सूक्ष्मदर्शकात खास रंगाशिवाय उठून दिसत नाही. आत फिकट गोल दिसला असेल तर ती रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. आणि एकपेशीय म्हणजे आदिकेंद्रकी हे समीकरण तर कायमचं पुसून टाका. अमीबा, पॅरामेशियम एकपेशीयच आहेत आणि दृश्यकेंद्रकी आहेत.

तांबड्या पेशीचा प्रश्न मला फार आवडला. ती अस्थिमज्जेत तयार होते तेव्हा तिच्यात केंद्रक असतं. पक्व होताना ती ते बाहेर टाकते, तंतुकणिकाही जातात, हिमोग्लोबिनला जागा होते. मग साधारण 120 दिवस जगते, विभाजन करू शकत नाही. घरातलं सामान बाहेर काढलं म्हणून वाड्याची झोपडी होत नाही, तसं. जीवाणू मात्र केंद्रकाशिवाय वाढतो आणि दुप्पटही होतो.

प्रतिसाद २

भुरी-तेल्याबद्दल मी सांगतो, कृषी पदवीधर आहे. संबंध थेट आहे. भुरी ही बुरशी, म्हणजे दृश्यकेंद्रकी. तेल्या झॅन्थोमोनास या जीवाणूमुळे होतो, तो आदिकेंद्रकी. भुरीसाठीचं हेक्झाकोनॅझोल बुरशीच्या प्रद्रव्यपटलाला (पेशीभोवतीच्या पटलाला) लागणारं अर्गोस्टेरॉल बनू देत नाही. जीवाणूच्या पटलात अर्गोस्टेरॉल नसतंच, मग औषध अडवणार काय? उलट स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जीवाणूच्या त्या लहान रायबोझोमला धरतं. बुरशीच्या पेशीद्रव्यातले रायबोझोम वेगळ्या घडणीचे, म्हणून भुरीवर त्याचा उपयोग नाही.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. रात्री दोन्ही प्रतिसाद तिला वाचून दाखवले. वाड्याचं उदाहरण लगेच पटलं. 'दृश्य' शब्दावर मात्र ती थोडी चिडली, मग वहीत त्याच्याशेजारी 'पटल असलेलं' असं लिहून ठेवलं. आता तिला जीवाणू स्वतः बघायचाय. घरच्या दह्यात दिसेल का?

प्रतिसाद १

दिसेल. दह्यावरच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून वाळवा, पट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झरकन फिरवा, मेथिलिन ब्लूचा थेंब टाकून मिनिटभराने धुवा. 400 पट मोठं करून निळे ठिपके आणि बारीक काड्या दिसतील, आतलं काही दिसणार नाही. शेजारी यीस्टची पट्टी ठेवा, आकारातला फरक तिचा तिलाच कळेल. मेथिलिन ब्लू शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतं. ज्योतीपाशी तुम्ही थांबा.