बाबांना घुग्घुसचं जुनं क्वार्टर दाखवायला न्यावं का?

धायरीकर:
बाबा 1974 ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या कोळसा खदानीत लोडर म्हणून लागले, खदानींच्या राष्ट्रीयीकरणाच्या दुसऱ्याच वर्षी. 2010 ला रिटायर होऊन माझ्याकडे पुण्याला आले. पंधरा वर्षं झाली, आमच्या फ्लॅटला अजून क्वार्टरच म्हणतात. सोसायटीतल्यांना वाटतं, पोलिसात होते.

शेजारी नव्या टॉवरचं बेसमेंट खोदताहेत. खाली काळा पाषाण, म्हणून सुरुंग. पहिला बार उडाला तेव्हा बाबा जेवत होते. उठले, खरकट्या हातानेच फळीवरच्या कपबश्या भिंतीकडे सरकवल्या आणि परत येऊन वरणभात कालवायला लागले. कॉलनीत आई रोज हेच करायची. ओपनकास्टचं, म्हणजे उघड्या खदानीचं, ब्लास्टिंग दुपारी व्हायचं, आणि आमच्या दोन खोल्या तावदानांसकट थरथरायच्या.

तेव्हापासून एकच धोशा, क्वार्टर बघून येऊ. गुडघे गेलेत, जिना चढताना दम लागतो. तिकडचं कुणी सांगेल का, त्या ओळी उभ्या आहेत का अजून?

वर्धाकाठ:
या ना भाऊ, पण मे महिन्यात नका येऊ, भाजून निघाल. क्वार्टर कोणत्या साइडचं? आमराई वॉर्डाकडचं असेल तर आधी चौकशी करा. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथं एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खदान आहे. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात, ते काढले किंवा दबले की वरची जमीन बसते. तुमच्या बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल म्हणा.

पेठेतला:
एवढ्या लांब जाऊन कोळसा काय बघायचा? त्यापेक्षा ताडोबा करा, जवळच आहे.

वर्धाकाठ:
चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरकडे खदानीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरही वाघ दिसतो कधीकधी. जिप्सीचे पैसे वाचतील.

धायरीकर:
बाबांना साइड विचारली. म्हणाले, ‘भोंग्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची तिसरी ओळ, दारात कडुनिंब.’ आता हे मोबाइलच्या नकाशात कुठे टाकू? आमराई नाही, एवढं नक्की म्हणतात. दिवाळीनंतरची तिकिटं बघतोय, खालचे बर्थ मिळाले तर. वर्धाकाठ, तो भोंगा कुठे होता तेवढं विचारून ठेवाल का कुणा जुन्या माणसाला?