मदत हवी आहे: हिवाळ्यात बंद ठेवलेल्या जलतरण तलावात शेवाळ धरू नये यासाठी काय करावे?

नमस्कार.

आमच्या बाणेरच्या सोसायटीत १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे साधारण ९०,००० लिटरचा जलतरण तलाव आहे. डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाण्यात कोणीच उतरत नसल्यामुळे, जीवरक्षकाचा पगार आणि मोटारीचे वीजबिल वाचवण्यासाठी समिती तो बंद ठेवते. यंदा हे काम माझ्याकडे आले आहे आणि गेल्या वर्षीची फजिती पुन्हा होऊ नये, म्हणून हा धागा काढत आहे.

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही टीसीसीए क्लोरीनचा (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल, तलावात टाकतात ते क्लोरीनयुक्त रसायन) जास्तीचा डोस दिला, मोटार बंद केली आणि वरून निळी ताडपत्री बांधून टाकली. दहा दिवसांनी तपासणीच्या नळीत थेंब टाकले, तेव्हा क्लोरीन असल्यास पाण्याला जो पिवळा रंग चढायला हवा होता, तो चढलाच नाही. पण तलाव वरून स्वच्छ दिसत असल्याने कोणी मनावर घेतले नाही. संक्रांतीच्या सुमारास ताडपत्रीची कड उचलून पाहिली, तर शिडीच्या दांड्यावरून बोट घसरत होते आणि उन्हाच्या बाजूच्या फरशांच्या सांध्यांत हिरव्या खडूने रेघा ओढल्यासारखे शेवाळ धरले होते. (ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, तो आणखी वेगळा ताप.) फेब्रुवारीत तळ दिसेनासा झाला. शेवटी सगळे पाणी सोडून, तलाव घासून, टँकरने पुन्हा भरावा लागला आणि त्यावरून वार्षिक सभेत जे ऐकून घ्यावे लागले, ते येथे लिहीत नाही.

या विषयावर वाचायला मिळते ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतले असते. तेथे पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नळ्या रिकाम्या करून तलाव झाकतात आणि थंडी सरेपर्यंत त्याकडे फारसे पाहावे लागत नाही, कारण तेवढ्या गार पाण्यात शेवाळ फार सावकाश वाढते. पुण्याची थंडी मात्र रात्रीपुरती असते. पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरला, तरी दुपारी तो २८-२९ वर जातो आणि आमच्या तलावाचे पाणी दुपारच्या मोजणीत अजून २१ अंशांच्या खाली गेलेले नाही.

तेव्हा मोटार रोज थोडा वेळ चालवायची झाल्यास किती तास पुरतील? देखभाल करणारे गृहस्थ मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणतात, ते ऐकावे का? आणि एका सभासदांच्या म्हणण्याप्रमाणे तलाव सरळ रिकामाच ठेवला, तर काय बिघडेल? आमचे निम्मे पाणी बोअरचे आहे आणि पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) कायम ८ च्या आसपास असतो.

प्रतिसाद:

आपल्या शेवटच्या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. पीएच ७.२ असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू आणि शेवाळ मारणाऱ्या रूपात असतो, तर ८ वर तो जेमतेम एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे आधी हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे देऊन पीएच ७.२ ते ७.६ दरम्यान आणावा (आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही) आणि मगच क्लोरीनचा विचार करावा. आपल्या तलावात ९० टक्के टीसीसीए १०० ग्रॅम टाकल्यास क्लोरीन १ पीपीएमने (लिटरमागे १ मिलिग्रॅमने) वाढते. दर तीन दिवसांनी तपासून ते १ ते ३ पीपीएम राखावे आणि डोस सूर्यास्तानंतर द्यावा. ब्लीचिंग पावडर वापरणार असाल, तर तिचे आणि टीसीसीएचे भांडेसुद्धा एक नसावे. दोन्ही एकत्र आल्यास आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो.

मोटार मी रोज तीन-चार तास चालवतो आणि आठवड्यातून एकदा भिंती, कोपरे व शिडीची मागची बाजू ब्रशने घासून घेतो, कारण शेवाळ प्रथम धरते ते पाणी हलत नाही तेथेच. पातळ निळ्या ताडपत्रीतून उजेड आत जातो. जाड काळी घ्यावी. मोरचूद शेवाळ मारते हे खरे, पण जड आणि अल्कधर्मी पाण्यात त्यातले तांबे खाली बसते, फरशांवर डाग पाडते आणि ते पाणी नाल्यात गेल्यास माशांना घातक ठरते. तलाव रिकामा ठेवू नये. पावसाळ्यानंतर जमिनीतील पाण्याची पातळी वर असते आणि आतले वजन गेले की खालचा दाब तळाला तडा देऊ शकतो.

धागाकर्ता:

मनापासून आभार. आज आम्ल देऊन पीएच ७.४ वर आणला आणि संध्याकाळी २०० ग्रॅम टीसीसीए दिल्यावर नळीत पहिल्यांदाच ठसठशीत पिवळा रंग आला. काळी ताडपत्री रविवारी येईल. एकच अडचण उरली आहे. काठावरच्या गुलमोहराची बारीक पर्णिका नेहमीच्या जाळीतून सहज खाली पडते, तर ताडपत्रीवर कोणत्या छिद्राची शेडनेट ताणावी, हे कोणी वापरून पाहिले असल्यास कृपया सांगावे.