जोश की थंड डोकं?
अंगात जितका जोश तितका खेळ चांगला, असं म्हणतात. वेटलिफ्टिंगपुरतं मान्य. वजनाच्या बारकडे जाण्याआधी तरतरी यावी म्हणून अमोनिया हुंगणारे आणि कोचकडून पाठीत सणसणीत थाप मारून घेणारे लिफ्टर टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलेत. नेमबाजीत मात्र हाच जोश अंगाशी येतो. १० मीटर एअर पिस्तुलात १० गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल एकाच हातात, दुसऱ्याचा आधार नाही. छाती धडधडायला लागली की हात थरथरतो आणि दहाचा शॉट आठवर जातो.

त्यामुळे इथलं डोपिंगही उलट्या दिशेचं! २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूने पिस्तुलात एक रौप्य आणि एक कांस्य जिंकलं, आणि प्रोप्रॅनोलॉल सापडल्यावर दोन्ही पदकं गेली. हे बीटा-ब्लॉकर औषध, ब्लडप्रेशरवाल्यांना देतात तसलं. ठोके मंदावतात, हाताची थरथर कमी होते. धावपटूला त्याचा तोटाच. नेमबाजी आणि तिरंदाजीत मात्र त्यावर स्पर्धा नसतानाही बंदी आहे.