उपजत नसेल तर सोडून द्यावं का?

बेसूर_पण_हौशी: काल इथे एकाने लिहिलं, "जे उपजत नाही त्यामागे वर्षं घालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जमतं तेच करा." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून वेगळा धागा.

एकेचाळिसाव्या वर्षी गाणं शिकायला लागलो. पहिली दोन वर्षं मी बेसूर आहे हे सगळ्यांना कळायचं, मला सोडून. आता आठ वर्षं झाली. सूर अजून सुटतो, पण सुटला की तिथल्या तिथे कळतं. हा कान जन्मतः नव्हता, घडवलाय. माझ्या लेखी हेच प्रावीण्य.

रोखठोक: तो 'एक' म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. आठ वर्षांनी आपला बेसूर ऐकू येणं हे प्रावीण्य असेल तर शब्दकोशच बदलायला हवा. आणि आता कोणी 'दहा हजार तास सराव केला की प्रावीण्य येतंच' हे पालुपद लावू नये. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनच्या १९९३ च्या अभ्यासात तो सर्वोत्तम व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाचा सरासरी आकडा होता. हमी नव्हे, सरासरी. २००७ ची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा आठवा. डोनाल्ड थॉमसला उंच उडी सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालेलं, तरी सुवर्ण. लहानपणापासून तेच करणारा स्टेफान होल्म चौथा.

बेसूर_पण_हौशी: दहा हजार तास मी कुठे म्हणालो? आणि होल्मचं सोयीचं तेवढंच सांगितलंत. उंची १.८१ मीटर, म्हणजे त्या खेळात बुटकाच. तरी २००४ चं ऑलिंपिक सुवर्ण त्याचं, २००५ मध्ये २.४० मीटर उडी. हा पालथा घडा?

रोखठोक: त्याच्या पायातली उसळी उपजत नव्हती, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

शाईचा_डाग: माझं हस्ताक्षर बघा. वह्याच्या वह्या गिरवल्या, अजून कोंबडीचे पाय.

डावखुरी: हस्ताक्षराचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. पहिलीत बाई डाव्या हातावर पट्टी मारायच्या. तीन वर्षं उजव्याने गिरवलं. अक्षर सुरेख झालं, बक्षीससुद्धा मिळालं. आजही पेन उचललं की खांदा आखडतो.

बेसूर_पण_हौशी: बघा, सरावाने आलंच की!

डावखुरी: काय बघा? नीट वाचलंत का? तुम्ही हौसेने गेलात, मला पट्टी होती. माझा हात तुमच्या मुद्द्याला दाखला म्हणून वापरू नका.

शाईचा_डाग: माझ्या भावाचाही हात असाच बदलला. तेव्हापासून तो अडखळत बोलतो, असं आई आजही शपथेवर सांगते.

रोखठोक: आईच्या शपथेला पुरावा म्हणत नाहीत.

शाईचा_डाग: आईवर जायचं काम नाही!

डावखुरी: रोखठोक, तुमच्या हातावर पट्टी बसली होती का कधी? मग गप्प बसा.

रोखठोक: बरं, आईबद्दलचं मागे घेतो. बाईंचं चुकलंच. आणि हौशीबुवा, तुमचा कान सुधारला, मान्य. शेजाऱ्यांचं अभिनंदन. मी सहा वर्षं पोहणं शिकत होतो. शेजारच्या लेनमधली चिमुरडी पुढे निघून जायची. सोडलं.

बेसूर_पण_हौशी: कुठे अडायचं?

रोखठोक: श्वासाला. आता शिकवू नका.

बेसूर_पण_हौशी: पाण्यात असताना श्वास पूर्ण सोडायचात, की रोखून धरायचात?

रोखठोक: ...रोखून.