संकलनाचे ऑस्कर मिळालेला १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ आज कोणत्या आवृत्तीत पाहावा?

रीळशोधक:

माझी भाची चित्रपट-अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि तिने प्रकल्पासाठी ‘स्टार वॉर्स’च्या संकलनाचा विषय निवडला आहे. पॉल हर्श, मार्शिया लुकस आणि रिचर्ड च्यू यांना या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले होते, त्यामुळे विषय चांगला आहे, याबद्दल दुमत नाही. अडचण अशी की त्या तिघांनी केलेले संकलन जसेच्या तसे आज अधिकृतपणे सहज पाहायला मिळत नाही. मे १९७७ मध्ये चित्रपटगृहांत लागलेला चित्रपट १२१ मिनिटांचा होता. १९९७ च्या ‘स्पेशल एडिशन’पासून त्यात भर पडत गेली आणि स्ट्रीमिंगवरची आजची आवृत्ती सुमारे १२५ मिनिटांची आहे. तिने अभ्यासासाठी कोणती आवृत्ती प्रमाण मानावी? आणि दिग्दर्शक जॉर्ज लुकस स्वतःच बदललेल्या आवृत्तीला आपला खरा चित्रपट म्हणत असेल, तर आपण जुन्या आवृत्तीचा आग्रह धरणे कितपत रास्त आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

संकलन-कक्ष:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: संकलनावर लिहायचे असेल तर १९७७ चीच आवृत्ती हवी. तस्करी करणारा वैमानिक हान सोलो आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो यांच्या प्रसंगावरून चाहत्यांमध्ये गेली अनेक वर्षे वाद चालू आहे. मूळ प्रसंगात हान सोलो टेबलापाशी रेलून बसलेला आहे, डाव्या हाताने भिंतीशी चाळा करत तो ग्रीडोला बोलण्यात गुंतवून ठेवतो आणि उजव्या हाताने टेबलाखाली हळूच पिस्तूल काढतो. मग धूर होतो आणि ग्रीडो कोसळतो. हान हा आधी स्वतःचा जीव पाहणारा माणूस आहे, हे त्या काही क्षणांत कळते. म्हणूनच शेवटच्या लढाईत तो मित्रांसाठी परत येतो, तेव्हा त्या परतण्याला किंमत येते. १९९७ मध्ये ग्रीडोची गोळी आधी सुटू लागली, २००४ मध्ये दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदम सुटू लागल्या आणि २०१९ मध्ये ग्रीडोच्या तोंडी एक नवा शब्दही आला. एवढ्या वेळा हात लावूनही प्रसंग जागेवर बसत नाही, याचे कारण तो मुळात नीट बसलेला होता.

परंतु तुमच्या भाचीने ग्रीडोपेक्षा त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या, हान ज्याचे देणे लागतो त्या जबा या गुंडांच्या म्होरक्याच्या प्रसंगाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. हा प्रसंग १९७६ मध्ये डेक्लन मुलहॉलंड या नटाला घेऊन चित्रित झाला होता आणि १९७७ च्या चित्रपटात तो नव्हता. १९९७ मध्ये मुलहॉलंड यांच्या जागी संगणकनिर्मित जबा बसवून तो परत घालण्यात आला. त्याने दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे, हानने ग्रीडोला नुकतीच सांगितलेली सबब तो जबाला जवळपास त्याच शब्दांत पुन्हा ऐकवतो, म्हणजे प्रेक्षकाला काहीही नवे कळत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. मूळ चित्रपटात हानचे यान मिलेनियम फाल्कन आपल्याला प्रथम दिसते ते नायक ल्यूकबरोबर, आणि ते खटारा यान पाहून त्याचा झालेला हिरमोड हाच आपलाही पहिला अनुभव असतो. नव्या आवृत्तीत ते यान जबाच्या मागे आधीच उभे दिसते आणि ल्यूक येईपर्यंत त्याचे नवल संपलेले असते. काय ठेवावे यापेक्षा काय वगळावे, हे ज्याला कळते तो संकलक, आणि १९७७ ची आवृत्ती ते शिकवते.

धूमकेतू:

संकलनापुरते तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ‘मूळ ते पवित्र आणि बदल तो भ्रष्ट’ अशी सरसकट भूमिका घेता येणार नाही, कारण विज्ञानपटांच्या इतिहासात पहिली आवृत्ती अनेकदा दिग्दर्शकापेक्षा निर्मितीसंस्थेच्या मर्जीने ठरलेली आहे. ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये लागला तेव्हा त्याला हॅरिसन फोर्ड यांच्या आवाजातले निवेदन जोडलेले होते आणि शेवट गोड करण्यासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित झालेली, पण न वापरलेली डोंगरदऱ्यांची हवाई दृश्ये घेतली होती. १९९२ च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट दोन्ही गेले, आणि २००७ च्या ‘फायनल कट’मध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना अखेर पूर्ण अधिकार मिळाला. त्यातला कृत्रिम मानव बॅटी भर पावसाळी रात्री मरतो आणि त्याच्या हातातले कबूतर मात्र दिवसाच्या निरभ्र आकाशात उडते, ही चूक दुरुस्त व्हायला २००७ साल उजाडावे लागले. ही दुरुस्ती झाली नसती तर बरे झाले असते, असे म्हणणारा मला अद्याप भेटलेला नाही.

आपल्या भागाशी नाते असलेले उदाहरण ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’चे आहे. त्यातला भारतातला प्रसंग, ज्यात आवाज कोठून आला असे विचारताच सारा जमाव एकदम आकाशाकडे बोटे दाखवतो, तो खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला होता. १९८० मध्ये दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना चित्रपटावर पुन्हा काम करायचे होते. कोलंबिया या निर्मितीसंस्थेने पैसे दिले, पण परग्रहवासीयांच्या महाकाय यानाचा अंतर्भाग दाखवला पाहिजे, ही अट घालून. १९९८ च्या आवृत्तीतून त्यांनी तो अंतर्भाग काढून टाकला. बदलाचा अधिकार दिग्दर्शकाला नसता, तर पैशांसाठी घातलेली ती भर कायमची तशीच राहिली असती. जॉर्ज लुकस यांनी तर ‘स्टार वॉर्स’ मालिकेतले पुढचे दोन चित्रपट स्वतःच्या पैशांनी काढले होते. त्यांनाच हा अधिकार का नाकारायचा?

पडद्यामागे:

धूमकेतू यांच्या उदाहरणांतच त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. २००७ मध्ये ‘ब्लेड रनर’च्या पाच आवृत्त्या एकाच संचात मिळत होत्या, ज्याला १९८२ चे निवेदन ऐकायचे आहे, त्याने ते खुशाल ऐकावे. स्पीलबर्ग यांच्याच ‘ई. टी.’मध्ये २००२ साली पोलिसांच्या हातांतल्या बंदुका काढून वॉकी-टॉकी दिले गेले, तेव्हाही १९८२ ची आवृत्ती डीव्हीडीवर सोबत देण्यात आली होती, आणि पुढे स्पीलबर्ग यांनी तो बदल करायला नको होता, असे जाहीरपणे सांगून २०१२ च्या ब्लू-रेवर मूळ चित्रपटच ठेवला. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत मात्र जुनी आवृत्ती मागे घेतली गेली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तरी त्याआधीचे पाठ शोधण्याची अभ्यासकांची धडपड थांबली नाही आणि ती कोणी गैर मानली नाही. चित्रपटाच्या अभ्यासकाला तेवढाच हक्क असावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

दिग्दर्शकाचा अधिकार म्हणताना नेमका कोणाचा अधिकार, हेही पाहिले पाहिजे. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’चे दिग्दर्शक रिचर्ड मार्क्वंड होते आणि ते १९८७ मध्येच वारले. त्या चित्रपटाच्या अखेरीस ल्यूकचे वडील ॲनाकिन यांच्या आत्म्याच्या रूपात सेबॅस्टियन शॉ दिसत असत; २००४ मध्ये त्यांच्या जागी हेडन क्रिस्टेन्सन यांना बसवण्यात आले, तेव्हा शॉ यांना जाऊन जवळपास १० वर्षे झाली होती. याच्या शेजारी ‘ब्लेड रनर’मधला झोरा या पात्राचा मृत्यू ठेवून पाहा. काचा फोडत धावणारी बदली कलाकार तिथे स्पष्ट ओळखू येत असे. २००७ च्या आवृत्तीसाठी झोराची भूमिका केलेल्या जोआना कॅसिडी स्वतः आल्या, त्यांचा चेहरा नव्याने चित्रित झाला आणि मग त्या दृश्यात मिसळला गेला. एका ठिकाणी कलाकार आपले काम पूर्ण करायला परत आली, दुसऱ्या ठिकाणी कलाकाराचे काम त्याच्या पश्चात पुसले गेले. दोन्हींना ‘सुधारणा’ म्हणणे मला पटत नाही. ‘स्टार वॉर्स’च्या अखेरच्या, यवीनच्या लढाईत मॉडेल वापरून केलेली जी दृश्ये संगणकनिर्मित यानांनी बदलली, त्यांच्यामागेही माणसे होती आणि दृश्य-परिणामांचे ऑस्कर मॉडेलच्या त्याच कामाला मिळाले होते.

मला सर्वांत अधिक खंत वाटते ती याची, की हा धोका लुकस यांनीच सर्वांआधी ओळखला होता. कृष्णधवल चित्रपटांना रंग देण्याच्या विरोधात १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना त्यांनी बजावले होते की उद्याचे तंत्रज्ञान नटांच्या जागी तरुण चेहरे बसवील आणि संवादही बदलील. त्यांचा रोख निर्मात्याच्या संमतीवाचून होणाऱ्या बदलांवर होता, हे खरे. परंतु सांस्कृतिक इतिहास पुन्हा लिहिला जाऊ नये, हे त्यांचे तत्त्व त्यांच्या स्वतःच्या चित्रपटालाही लागू व्हायला हवे होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिले २५ चित्रपट निवडले गेले, त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता, आणि तो अर्थातच १९९७ पूर्वीचा होता.

रीळशोधक:

सर्वांचे मनापासून आभार. जबाच्या प्रसंगाचा मुद्दा भाचीला अतिशय उपयोगी पडेल. आता व्यवहाराचा प्रश्न: मूळ आवृत्ती पाहायची कशी?

संकलन-कक्ष:

२००६ च्या मर्यादित डीव्हीडी संचात मूळ चित्रपट जोड-डिस्क म्हणून दिला होता. तो १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीपूर्वीची मोठी तबकडी) केलेल्या मास्टर प्रतीवरून घेतलेला असल्याने आजच्या मोठ्या टीव्हीवर चित्र लहान आणि धूसर दिसते, परंतु संकलन १९७७ चेच आहे. पडद्यावर सुरुवातीला ‘एपिसोड ४’ हे शब्द येत नाहीत, एवढी खूण पाहून घ्यावी. ते शब्द १९८१ च्या पुनःप्रदर्शनापासून आले. चाहत्यांनी जुन्या ३५ मिमी प्रतींवरून तयार केलेल्या आवृत्त्या चित्राच्या दृष्टीने उजव्या आहेत, मात्र त्या अधिकृत नसल्यामुळे विद्यापीठाच्या प्रकल्पात त्यांचा आधार घेण्यापूर्वी मार्गदर्शकांशी बोलावे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जून २०२५ मध्ये लंडनला १९७७ ची टेक्निकलर या रंगपद्धतीने छापलेली प्रत दाखवली, म्हणजे चांगल्या प्रती अभिलेखागारांत अजून आहेत.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आणून द्यावी. तिने शॉटची लांबी मोजायची ठरवली, तर डिस्क टीव्हीच्या पाल पद्धतीची आहे की एनटीएससी पद्धतीची, हे आधी तपासावे. पाल डिस्कवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने धावतो, त्यामुळे प्रत्येक शॉट सुमारे ४ टक्क्यांनी आखूड भरतो. वेळेऐवजी चौकटी मोजाव्यात आणि त्यांना २४ ने भागावे.