मदत हवी आहे: चुसॉकला घरी बोलावलंय, पितरांना नमस्काराचं काय करू?

आम्ही दोघं नवरा-बायको दक्षिण कोरियात, हेनामला इंग्रजी शिकवतो. सोबतच्या कोरियन शिक्षिकेने चुसॉकला, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाला, घरी बोलावलंय, तेही आग्रहाने सकाळीच. सकाळी चार्ये, म्हणजे पितरांचा विधी असतो: सोंगप्यॉन (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोड पदार्थ), फळं, भात पितरांपुढे मांडून सगळे गुडघे टेकतात, कपाळ जमिनीला लावतात. आम्ही ख्रिस्ती, ते आम्हाला करता येणार नाही. पण तिचं मनही मोडायचं नाही, परक्या गावात तिनेच आम्हाला आपलं मानलं.

चर्चच्या पाळकांना विचारलं. इथली प्रॉटेस्टंट घरं त्याऐवजी स्मरण-उपासना करतात म्हणे. पण हे कुटुंब ख्रिस्ती नाही. भेट म्हणून नासपतींची पेटी नेतोय, मोडकंतोडकं कोरियन बोलता येतं.

नुसतं मान झुकवून बाजूला उभं राहिलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांना अपमान वाटेल का? आणि तिला हे आधीच सांगावं की तिथे गेल्यावर?