बाबांच्या पायाची बायपास, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, भूल कुठली घ्यावी?

चिंचेचं_बुटुक: मंडळी घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ६९, शुगर २० वर्षं, विडी मागच्या दिवाळीपर्यंत चालू होती. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय, मांडीतली रक्तवाहिनी बंद, म्हणून बायपास ठरलीय. ४ वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घातलाय. सर्जन म्हणाले कमरेत इंजेक्शन देऊन करू, आम्ही निर्धास्त. काल भूलवाल्या मॅडम आल्या, विचारलं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तर आई ठामपणे नाही म्हणाली, कोलेस्टेरॉलची तेवढी आहे. मॅडमनी पाकीट बघायला मागितलं, आईने पर्समधून अर्धवट कापलेली स्ट्रिप काढली, नावात 'गोल्ड' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात कोलेस्टेरॉलच्या औषधाखाली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, सगळं एकाच कॅप्सूलमध्ये!! काल रात्रीच घेतलेली. आता म्हणतात कमरेत सुई टोचणार नाही, आठवडाभर थांबा नाहीतर पूर्ण भूल. हृदय ४० टक्केच पंप करतंय, बाबा पूर्ण भुलीतून उठलेच नाहीत तर?

भूलथापा: भूल देणं हेच काम माझं, नावावर जाऊ नका. मॅडमनी स्ट्रिप मागितली हे फार बरं केलं. नुसत्या ॲस्पिरिनवर आम्ही कमरेत सुई देतो, क्लोपिडोग्रेल असेल तर ५ ते ७ दिवस थांबतो, कारण मणक्यात रक्तस्राव झाला तर त्या रक्ताला पसरायला जागाच नसते, ते मज्जारज्जूवर दाबतं. तासाभरात नाही पण काही तासांत ते काढलं नाही तर पाय कायमचे जाऊ शकतात. क्वचित होतं, पण झालं की झालं. त्यात बायपासमध्ये सर्जन हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, देणारच.

राहिलं हृदय. पायाची नळी चोंदलेला पेशंट आला की हृदयाची, मेंदूचीही थोडीफार चोंदलेली असणार असं धरूनच आम्ही चालतो. कमरेतली सुई म्हणजे हृदयाला सोपी असं लोकांना वाटतं, पण तिनेही बीपी धाडकन खाली येतं आणि अरुंद नळ्यांना तेच सोसत नाही. मानेच्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनवर २००८ साली गाला नावाचा मोठा अभ्यास आला, ३५२६ पेशंट, पूर्ण भूल विरुद्ध जागं ठेवून, स्ट्रोक, अटॅक, मृत्यू मिळून जवळपास सारखेच निघाले. तुमचं ऑपरेशन वेगळं आहे, पण भुलीच्या प्रकारापेक्षा ती किती जपून दिली याला महत्त्व. मनगटात बारीक सुई घालून दर ठोक्याला बीपी बघणार का, रात्री आयसीयू आहे का, एवढं विचारा.

आणि थांबायचं की नाही हे अंगठा ठरवेल. पू, ताप असेल तर आठवडा हातात नाही.

वाड्यातली_मांजर: माझ्या सासूबाईंचं बोट काढलं तेव्हा गुडघ्यामागे सोनोग्राफीत बघून नस बधिर केली, बाई जाग्या, मधेच डॉक्टरांनाच विचारतात दूध उतू गेलं का गं. तसं नाही का होणार?

भूलथापा: बोटापुरतं उत्तम. मांडीपासून खाली बायपास म्हणजे तेवढ्याने भागत नाही.

रस्सा_कमी: एकच सांगतो, घरच्या घरी गोळ्या बंद करू नका. आमच्या काकांनी 'ऑपरेशन आहे ना' म्हणून स्टेंटनंतर तिसऱ्याच महिन्यात सगळ्या बंद केल्या, ऑपरेशन राहिलं बाजूला आणि अटॅक घेऊन ॲडमिट झाले.

भूलथापा: +१. हृदयवाल्यांना विचारूनच. आणि चिंचेचं_बुटुक, शुगरच्या गोळ्यांचीही स्ट्रिप दाखवा. डापाग्लिफ्लोझिन असेल तर ती ऑपरेशनच्या ३ दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर शुगर नॉर्मल दिसतानाही रक्तात आम्ल वाढतं.

चिंचेचं_बुटुक: झालं! अंगठ्यातून पू होता, थांबलो नाही, पूर्ण भूल दिली. पावणेपाच तास. मनगटात सुई होती, मी आधीच विचारलं म्हणून मॅडम हसल्या. बाबांचा घसा बसलाय, पाय कोमट लागतोय, आणि पहिलं वाक्य चहात साखर घाल. आईने सगळ्या स्ट्रिपांची मागची बाजू फोटो काढून मोबाईलात ठेवलीय.